‘चाळीस टक्के माल सडतो’ : अन्नप्रक्रिया धोरणाचा पहिला परिच्छेद तपासताना

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय ठरलाय ‘अन्नप्रक्रिया उद्योगासाठीचे शासकीय धोरण : एक अभ्यास’. कृषी अर्थशास्त्र असो, वाणिज्य असो, भूगोल असो की लोकप्रशासन, कुठल्याही विभागातून हा विषय निघतोच. मीही गेली काही वर्षं याच रानात फिरतेय. म्हणून आज या धोरणाबद्दल जरा तिखट लिहायचं ठरवलंय.

तुमच्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद मी न वाचता सांगू शकते. भारत दूध उत्पादनात जगात पहिला, फळं आणि भाजीपाल्यात दुसरा. तरीही आपल्याकडे फळं-भाज्यांवर प्रक्रिया होते ती जेमतेम दोन टक्के. अमेरिकेत ६५, फिलिपाइन्समध्ये ७८. आपला तीस ते चाळीस टक्के माल काढणीनंतर सडतो. शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो. म्हणून प्रक्रिया उद्योग वाढला पाहिजे, म्हणजे नासाडी थांबेल, भाव मिळेल, रोजगार वाढेल.

बरोबर ना? यात तुमचा दोष नाही. केंद्र सरकारने १९८८ मध्ये अन्नप्रक्रियेसाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं, तेव्हापासून या विषयावरची भाषणं, अहवाल आणि योजनांच्या प्रस्तावना साधारण याच चालीवर चालत आल्या आहेत. माझा आक्षेप असा आहे : या परिच्छेदातलं प्रत्येक वाक्य वेगवेगळं घेतलं तर थोडंफार खरं आहे, पण त्यांना जोडणारा ‘म्हणून’ कोणी तपासलेला नाही. आणि हजारो कोटींचं धोरण त्या ‘म्हणून’वर उभं आहे.

एकेक करून बघू.

आधी चाळीस टक्क्यांचा आकडा. काढणीनंतरच्या नुकसानीची देशव्यापी, पद्धतशीर मोजणी आपल्याकडे झालेली आहे. लुधियानाच्या ‘सिफेट’ने, म्हणजे केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने, ती दोनदा केली. दुसऱ्या पाहणीचा अहवाल २०१५चा. त्यात फळं-भाज्यांचं नुकसान पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के निघालं. सगळ्यात वरचा आकडा पेरूचा. टोमॅटोचं १२.४४ टक्के. तृणधान्यांचं साधारण पाच-सहा टक्के. त्यानंतर नाबार्डच्या ‘नॅबकॉन्स’ या सल्लागार कंपनीने २०२२ मध्ये पुन्हा मोजणी केली. तेव्हा फळांचं नुकसान ६.०२ ते १५.०५ आणि भाज्यांचं ४.८७ ते ११.६१ टक्के आलं. म्हणजे सरकारच्याच पैशाने, सरकारच्याच संस्थांनी मोजलेला आकडा चाळीसच्या जवळपासही नाही. सगळ्यात वाईट पीक धरलं तरी तो सोळाच्या आत आहे.

तरी चाळीस टक्के मरत नाही. अजूनही कुठल्याही चर्चासत्राच्या उद्घाटनाला जा, पाहुणे तोच आकडा सांगतील. कारण सोपं आहे : बारा टक्के नुकसानीवर पन्नास कोटींचं अनुदान मागता येत नाही, चाळीसवर मागता येतं.

यातून आणखी एक खुबी शिकण्यासारखी आहे. हेच नुकसान रुपयांत सांगितलं की चित्र पार बदलतं. सिफेटच्या पहिल्या पाहणीत, २००९च्या भावाने, ते ४४,१४३ कोटी रुपये होतं. दुसऱ्यात, २०१४च्या भावाने, ९२,६५१ कोटी. नॅबकॉन्सच्या पाहणीत १,५२,७९० कोटी. हे तीन आकडे ओळीने मांडले की वाटतं, अरे बापरे, नासाडी साडेतीन पट झाली! पण टक्केवारी बघा. पेरूची १८वरून १५.८८वर आणि तिथून १५.०५वर आली. टोमॅटोची १२.४४वरून ११.६१वर. म्हणजे हळूहळू का होईना, कमीच झाली. वाढलं काय? उत्पादन वाढलं आणि भाव वाढले. बातमीत मात्र रुपयेच येतात. तुमच्या प्रबंधात रुपयांचा आकडा आला, तर त्याच्या शेजारी ‘कोणत्या वर्षाच्या भावाने’ हे तीन शब्द आलेच पाहिजेत. नाहीतर व्हायवाला बाहेरचे परीक्षक तिथेच पकडतात.

आता याच अहवालांतलं एक पीक वेगळं काढा : दूध. नासण्याच्या बाबतीत दुधाइतकं नाजूक काही नाही. उन्हाळ्यात चार तास बाहेर राहिलं की संपलं. तरी दुधाचं नुकसान २०१५च्या अहवालात ०.९२ टक्के आणि २०२२ मध्ये ०.८७ टक्के. एक टक्काही नाही. आणि पेरूचं पंधरा.

हे असं का, हा प्रश्न धोरणाच्या कागदात मला कुठे ठळकपणे विचारलेला दिसला नाही. म्हणून माझं उत्तर देते, पटतंय का बघा. दुधात गावातल्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ माप होतं, फॅट लागते, पैसे ठरलेल्या दिवशी खात्यात येतात. भावाला कुरकुर असते, आंदोलनंही होतात, पण दूध कोण घेणार हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडत नाही. कारखाना या साखळीच्या शेवटी आहे, सुरुवातीला नाही. आधी संकलन, मग शीतकरण, मग प्रक्रिया. अन्नप्रक्रियेच्या धोरणाने मात्र इमारतीपासून सुरुवात केली. दूध सगळ्यांना रोज लागतं, पेरू लागत नाही, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. म्हणून ही तुलना पुरावा म्हणून नाही, प्रश्न म्हणून वापरा.

दुसरा आकडा : दोन टक्के प्रक्रिया. इथे भाजक विचारा. दोन टक्के कशाचे? एकूण उत्पादनाचे. आणि अंशात काय मोजलं? कारखान्यांनी केलेली प्रक्रिया. मग कोकणातल्या घरोघरी वाळणारी आमसुलं कुठे गेली? तासगावच्या शेडमधला बेदाणा? लोणचं, मुरांबा, सांडगी मिरची, बचत गटाचे पापड? घरात आणि अंगणात होणारी प्रक्रिया या मोजणीत बहुतेक येतच नाही. फिलिपाइन्सच्या ७८ टक्क्यांत काय काय धरलंय, हे आकडा उद्धृत करणाऱ्या किती जणांनी पाहिलं असेल? दोन देशांचे दोन आकडे शेजारी ठेवायला व्याख्या एक लागते. ती एक असल्याचं दाखवता येत नसेल, तर तुलना गाळा. सिनॉप्सिसचं काही बिघडत नाही.

याच्या बरोबर उलटी गंमत ‘अन्नप्रक्रिया क्षेत्राची वाढ’ या आकड्यात आहे. वार्षिक उद्योग पाहणीत हे क्षेत्र औद्योगिक वर्गीकरणाच्या विभाग १० आणि ११मधून उचललं जातं : खाद्यपदार्थ आणि पेये. त्यात भाताची गिरणी येते, डाळ मिल येते, तेल गाळणं येतं, साखर कारखाना येतो. म्हणजे नासाडीची गोष्ट सांगताना टोमॅटो आणि पेरू. वाढीची गोष्ट सांगताना तांदूळ, तेल आणि साखर. एका वर्षी ‘अन्नप्रक्रिया’ आठ टक्क्यांनी वाढली असं वाचलंत, तर त्यात टोमॅटोचा वाटा किती हे त्या आकड्यावरून कळणं शक्य नाही. चार अंकी वर्गीकरणापर्यंत खाली उतरल्याशिवाय या विषयावर एक वाक्यही लिहू नका, हा माझा हट्ट समजा.

आता मूळ मुद्द्यावर येते. धोरणाचा सगळा भार ज्या कल्पनेवर आहे ती अशी : हंगामात आवक वाढते, भाव पडतात, तो जादा माल कारखाना उचलेल, भाव सावरतील. ऐकायला इतकी सरळ कल्पना आहे की तिच्यावर शंका घेणारा माणूस शेतकरीविरोधी वाटतो. तरी घेऊ.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणारा टोमॅटो बघा. वीस किलोच्या क्रेटमध्ये, घट्ट सालीचा, चार दिवसांचा ट्रकप्रवास सोसणारा. शेतकऱ्याने हा वाण निवडला तो दिल्ली-कोलकात्यापर्यंत टिकावा म्हणून. पेस्ट करणाऱ्या कारखान्याला वेगळाच टोमॅटो हवा असतो : गडद लाल, गरात घन पदार्थ जास्त, पाणी कमी. साध्या टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी. ते आटवून २८ ब्रिक्सची पेस्ट करायची तर एका किलोला पाच-सहा किलो टोमॅटो लागतो, आणि उरलेल्या पाण्याची वाफ करायला इंधन. घन पदार्थ एका टक्क्याने कमी पडले तरी कच्चा माल आणि इंधन दोन्हींचा खर्च वाढतो. म्हणजे रस्त्यावर ओतलेला तो टोमॅटो कारखान्याला फुकट दिला तरी फुकट पडत नाही.

दुसरी अडचण वेळेची. भाव कोसळतात ते काही आठवडे, आणि कोणते आठवडे ते आधी कळत नाही. कारखान्याचा व्याजाचा हप्ता मात्र बाराही महिने असतो. त्याला हवा ठरावीक माल, ठरावीक दर्जाचा, ठरावीक भावाने. शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवं असतं बरोबर तेव्हा, जेव्हा कोणीच घेत नाही. आणि भाव चढले की? तेव्हा शेतकरी कारखान्याला माल का देईल? त्याने बाजारात नेला तर त्याला नावं ठेवणारे आपण कोण? दोघांच्या गरजा एकमेकांना छेद देतात. हा छेद करार, वाण आणि विश्वास यांनी भरून निघतो, त्याला वेळ लागतो. भांडवली अनुदानाने इमारत उभी राहते, हा छेद तसाच राहतो.

बटाट्याने हे आधीच दाखवून दिलंय. चिप्सला लागणारा बटाटा वेगळा : घन पदार्थ वीस टक्क्यांच्या वर, साखर कमी. साखर जास्त असली की तळताना काप तपकिरी पडतात. त्यासाठी केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये ‘कुफ्री चिप्सोना’ वाण काढले. त्यांची साठवणही निराळी, कारण नेहमीच्या शीतगृहात दोन-चार अंशांवर बटाट्यातली साखर वाढते, म्हणून चिप्सचा बटाटा दहा-बारा अंशांवर ठेवतात. चिप्स उद्योग वाढला, मान्य. पण त्याने भाजीच्या बटाट्याचे पडलेले भाव उचलले का? त्याने स्वतःचा वेगळा वाण आणला, वेगळा करार केला, वेगळा शेतकरी उभा केला. ही वाईट गोष्ट नाही, त्या शेतकऱ्याचं कदाचित भलंच झालं असेल. पण ही ‘जादा माल उचलण्याची’ गोष्ट नव्हे. प्रक्रिया उद्योग बहुतेक वेळा जुन्या पिकाला वाचवत नाही, तो नवं पीक मागतो. धोरणाच्या पहिल्या परिच्छेदात हे वाक्य असतं, तर पुढच्या सगळ्या योजना वेगळ्या दिसल्या असत्या.

अपवाद आहे का? आहे, आणि तो आपल्या सांगली-सोलापूरकडेच आहे. थॉमसन सीडलेस द्राक्ष खायलाही चालतं आणि बेदाण्यालाही. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला की बागाईतदार माल शेडकडे वळवतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायचा, जाळीच्या रॅकवर पसरायचा, साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा एक किलो. तो शीतगृहात ठेवता येतो, तासगाव-सांगलीच्या सौद्यात सवडीने विकता येतो. इथे कल्पना खरोखर चालते, कारण वाण एकच आहे, शेड बहुधा शेतकऱ्याच्या हातातली किंवा भाड्याची आहे, आणि तयार माल टिकतो. अवकाळी पाऊस आला की सगळं मुसळ केरात, आणि सगळ्यांनी एकदमच माल वळवला की बेदाण्याचाही भाव बसतो, हेही खरं. तरी शेतकऱ्यासमोर दोन दारं असतात, आणि दुसरं दार त्याच्या स्वतःच्या अंगणात उघडतं.

आता या चष्म्यातून ‘मेगा फूड पार्क’कडे बघा. २००८ची योजना. किमान पन्नास एकर जागा, मध्यभागी मोठं प्रक्रिया केंद्र, भोवती प्राथमिक प्रक्रिया केंद्रं, त्यांच्या भोवती संकलन केंद्रं. कागदावर अगदी सूर्यमाला. प्रकल्पखर्चाच्या निम्मं अनुदान, डोंगराळ आणि ईशान्येकडच्या भागांत पंचाहत्तर टक्के, कमाल मर्यादा ५० कोटी रुपये. प्रत्येक उद्यानात तीस-पस्तीस कारखाने येतील, त्यांची मिळून अडीचशे कोटींची गुंतवणूक होईल, वर्षाला साडेचारशे ते पाचशे कोटींची उलाढाल होईल आणि तीस हजार जणांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार मिळेल, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मुदत तीस महिने. देशभरात बेचाळीस उद्यानांचं लक्ष्य होतं. आपल्याकडे सातारा आणि पैठणला ती आली. २०२१च्या एप्रिलपासून योजना बंद झाली, फक्त आधीच्या मंजुऱ्यांचे पैसे द्यायचे ठरले. तेरा वर्षांनंतर योजना गुंडाळली तेव्हाही मंजूर झालेली बरीच उद्यानं पूर्ण व्हायची होती.

का अडली? जमीन, कर्ज, परवाने ही नेहमीची कारणं अहवालात सापडतील. माझ्या मते मूळ कारण त्या सूर्यमालेच्या आराखड्यातच होतं. त्यात संकलन केंद्र हे बांधकाम आहे, संबंध नाही. पत्र्याची शेड, वजनकाटा, फलक. तिथे रोज माल कोण आणणार, कोणत्या भावाने, पैसे किती दिवसांत, भाव वर गेला तर काय, याची उत्तरं आराखड्यात नाहीत, कारण ती अनुदानपात्र बाबींच्या यादीत बसत नाहीत. अनुदान ज्याला मिळतं तेच बांधलं जातं. हे एकदा ओळखलंत की कुठलीही योजना वाचायला पाच मिनिटं पुरतात : उद्दिष्टांचं पान सोडा, अनुदानपात्र खर्चाचं पान उघडा.

आणि शब्द जपून वाचा. ‘मंजूर’, ‘तत्त्वतः मंजूर’, ‘कार्यान्वित’, ‘पूर्ण’ हे चार वेगळे शब्द आहेत. उद्यान कार्यान्वित म्हणजे त्यातले किती कारखाने सुरू? किती क्षमतेने? मुख्य केंद्र उभं राहिलं, फीत कापली, बाकी भूखंड रिकामे, अशा स्थितीलाही ‘कार्यान्वित’ म्हणता येतं का, हे व्याख्येत पाहिल्याशिवाय तो आकडा तुमच्या तक्त्यात घालू नका.

२०१७ मध्ये या सगळ्या योजना ‘प्रधानमंत्री किसान संपदा’ या एका छत्राखाली आल्या. तरतूद सहा हजार कोटी. जाहीर करताना सांगितलं गेलं की २०१९-२० पर्यंत वीस लाख शेतकऱ्यांना लाभ होईल. ‘लाभ’ या शब्दावर बोट ठेवा. ज्याने वर्षातून एकदा चार क्विंटल माल दिला तो लाभार्थी? की ज्याला बाजारापेक्षा जास्त भाव मिळाला तो? बाजारापेक्षा जास्त म्हणजे किती, कोणत्या दिवशीच्या बाजारापेक्षा? शेतकऱ्याला मिळालेला भाव हा मोजमापाचा घटकच नसेल, तर ‘किसान’ हा शब्द योजनेच्या नावापुरताच उरतो.

शीतसाखळीचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राने २०१५ मध्ये देशाची गरज आणि उपलब्धता यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शीतगृहांची गरज साधारण ३५१ लाख टन, असलेली क्षमता ३१८ लाख टन. तूट दहा टक्क्यांच्या आतबाहेर. आता पॅकहाऊस, म्हणजे शेताजवळची माल निवडण्या-थंड करण्या-बांधण्याची जागा. गरज ७०,०८०. होती २४९. पुन्हा वाचा : सत्तर हजारांच्या जागी अडीचशे. मोठी शीतगृहं वर्षानुवर्षं अनुदानाने उभी राहिली, त्यातली बरीचशी बटाट्याने भरलेली. शेतातून निघालेल्या मालाच्या पहिल्या काही तासांसाठी मात्र जवळजवळ काहीच नाही. नासाडी तर तिथेच सुरू होते. हा अभ्यास सरकारी संस्थेचाच आहे, गुप्त नाही. ‘निधी कमी पडला’ हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. निधी कुठे गेला ते या दोन ओळीत दिसतं.

एवढं टीका करून झाल्यावर एका योजनेला न्याय द्यायला हवा. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी ‘पीएमएफएमई’ आली. तिच्या कागदपत्रांत पहिल्यांदा मान्य केलेलं दिसतं की देशात सुमारे पंचवीस लाख असंघटित अन्नप्रक्रिया उद्योग आहेत, त्यातले ६६ टक्के ग्रामीण भागात, जवळपास ८० टक्के घरगुती, आणि या क्षेत्रातला ७४ टक्के रोजगार तेच देतात. म्हणजे ज्यांना इतकी वर्षं मोजलंच नव्हतं तेच मुख्य निघाले! दोन लाख उद्योगांना खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान, बचत गटातल्या सदस्याला चाळीस हजारांचं बीजभांडवल. दिशा चांगली आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ हा तिचा भाग मला कमी पटतो : जळगावला केळी म्हटलं की फाईल हलते, पण सगळ्या तालुक्याने केळीचे वेफर्स काढले तर ते खाणार कोण, हे बँकेचा शाखाधिकारीही विचारतो आणि बरोबर विचारतो.

पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, मोठ्या उद्योगांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली. ती दोन्ही शेजारी ठेवून बघा. सूक्ष्म उद्योगांसाठी १०,००० कोटी, दोन लाख उद्योगांत. सरासरी पाच लाख रुपये. मोठ्यांसाठी १०,९०० कोटी आणि मंजूर अर्ज दोनशेहूनही कमी. सरासरी चोपन्न कोटींच्या वर. ही तरतुदीची सरासरी आहे, प्रत्यक्ष खर्चाची नाही, हे तळटीपेत लिहा. दुसऱ्या योजनेत प्रोत्साहन मिळतं ते विक्री वाढल्यावर, इमारत बांधल्यावर नाही, ही सुधारणा आहे आणि तिचं श्रेय द्यायला हवं. पण यादीत तयार पदार्थ, प्रक्रिया केलेली फळं-भाज्या आणि समुद्री उत्पादनांबरोबर मोझरेला चीजही आहे. नासाडीच्या नावाने सुरू झालेली गाडी पिझ्झ्याच्या गल्लीत कधी शिरली, हा एखाद्या स्वतंत्र प्रकरणाचा विषय होईल.

मग अभ्यास कशाचा करायचा? ‘योजनेमुळे उद्योगांची वाढ झाली का’ हा प्रश्न घेऊ नका, कृपा करा. अनुदान दिल्यावर अनुदान घेणारे वाढतात, त्याला पीएच.डी. लागत नाही. शेतकऱ्याचा वाटा घ्या. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये काढलेल्या कार्यपत्रिकांत ग्राहकाच्या एका रुपयातला शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६, बटाट्यात ३७ आणि दुधात ७०च्या आसपास आलाय. दूध पुन्हा तिथेच, बघा.

किंवा याहून सोपं. कारखाना जादा माल उचलतो हे खरं असेल, तर त्याच्या आजूबाजूच्या बाजारांत भाव पडण्याची खोली कमी झालेली दिसली पाहिजे. सरासरी भाव नव्हे, तळ. ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव फुकट मिळतात, अनेक वर्षांचे. एखादं उद्यान किंवा मोठा कारखाना निवडा, तो प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख माहिती अधिकारात मागून घ्या, फीत कापल्याची नको. पन्नास किलोमीटरच्या आतले बाजार एका गटात, त्याच पिकाचे दूरचे बाजार दुसऱ्या गटात. आधीची पाच वर्षं, नंतरची पाच वर्षं. वर्षातले सगळ्यात वाईट वीस दिवस काढा आणि दोन्ही गटांचा फरक बघा. दोन अडचणी येतील. काही दिवशी आवक शून्य दिसेल; ती भाव इतका पडला की माल आणलाच नाही म्हणून आहे, की बाजार बंद होता म्हणून, हे स्थानिक वर्तमानपत्रांच्या फाईलींतून तपासावं लागेल. शेतात नांगर फिरवलेलं पीक तर कुठल्याच आकड्यात येत नाही, कारण काढणीच झाली नाही तर काढणीनंतरचं नुकसान कसं मोजणार? आणि दुसरी अडचण : कारखाने मुळात निघतात तिथे, जिथे माल भरपूर आणि भाव आधीच कमी. त्यामुळे जवळचे आणि दूरचे बाजार पहिल्या दिवसापासून सारखे नसतील. मंजुरी मिळून कधीच उभ्या न राहिलेल्या उद्यानांभोवतीचे बाजार तुलनेला घेतले, तर ही अडचण बरीच आटोक्यात येते, आणि अशा जागांची आपल्याकडे कमतरता नाही.